काय शोधताय?

माझे साडू आयुष्यात एका जागी सलग तासभर बसले असतील, तर ते फक्त स्वतःच्या लग्नात. आणि तिथेही भटजींनी सप्तपदीसाठी उठायला सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडून "सुटलो" असं ऐकल्याचं माझी बायको शपथेवर सांगते. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे मेव्हणीच्या त्या लग्नात माझी बायको करवली होती आणि तिची साक्ष मानायलाच हवी. जेवताना ते दोनदा उठतात. दाढी करताना न्हाणीघर ते गॅलरी अशा चार फेऱ्या होतात. फोनवर बोलताना तर ते इतके चालतात की मोबाइल नवीन आला तेव्हा भाईंदर पूर्वेत सर्वांत मनापासून आनंद झालेला माणूस हाच असणार. तोपर्यंत बिचाऱ्यांना टेलिफोनच्या वायरीच्या लांबीएवढंच चालता यायचं.

या सगळ्या अस्वस्थपणाच्या मुळाशी एकच दुखणं होतं. कुणी काही शोधतंय हे त्यांना बघवत नसे. रस्त्यात एखादा माणूस हातात चिठ्ठी घेऊन बिल्डिंगांची नावं वाचत चाललेला दिसला, की हे रस्ता ओलांडून त्याच्याकडे जात आणि "काय शोधताय?" असं विचारत. पत्ता माहीत नसला तरी विचारत. मग दोघं मिळून शोधत. एकदा मेथी आणायला म्हणून बाहेर पडलेला हा गृहस्थ पार नवघर गावात कुणाच्या तरी साखरपुड्यात जेवून परत आला, कारण पाहुण्यांना घर सापडत नव्हतं आणि सापडल्यावर त्यांनी सोडलं नाही. मेथी अर्थातच राहिली.

कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते म्हणत, "जरा कात्री मिळेल का?" घरातली बाई आत जाई आणि हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहत. कात्री लवकर आली तर "वा, व्यवस्थित घर आहे" असं म्हणून ती तशीच परत देत. उशिरा आली तर मात्र मागोमाग स्वयंपाकघरात शिरून "वहिनी, तुम्ही सगळ्यांत आधी कुठे बघितलंत? तिथेच ठेवा ना मग. वस्तूची जागा आपण ठरवायची नसते, शोधणाऱ्याचा हात ठरवतो," असं व्याख्यान सुरू होई. आमच्या अर्ध्या नातेवाइकांनी त्यांना बोलावणं सोडलं होतं. उरलेल्यांनी कात्र्या लपवल्या होत्या.

अशा माणसाच्या कंपनीत मी नोकरीला होतो. त्यांनीच मला तिथे चिकटवलं होतं. औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी. खाली मशीनं, वर ऑफिस. सकाळी सगळं भाईंदर मुंबईच्या दिशेने निघे, तेव्हा आम्ही दोघं डबे घेऊन उलट्या दिशेने चालत जायचो. मी चालायचो, ते पुढे जायचे, मागे यायचे, पुन्हा पुढे जायचे. मी पर्सोनेलला होतो आणि ते कॉम्प्युटर विभागात, म्हणजे ते स्वतः आणि एक प्रिंटर.

दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्याकडे इंट्रानेट नावाची एक गोष्ट होती. ऑफिसातल्या ऑफिसात चालणारी, फक्त आमच्यासाठीची वेबसाइट. ती उघडली की आधी थोरल्या शेठचा हसरा फोटो डावीकडून उजवीकडे सरकत जाई, मग दोन गुलाब उमलत, मग त्या दिवशी कुणाचा वाढदिवस आहे ते झळके. एवढं झाल्यावर आपण रजेचा फॉर्म शोधायला लागायचं. तो 'इतर' या सदरात, त्यातल्या 'किरकोळ' या सदरात, 'नवीन फायनल दोन' या नावाने होता. हे मला माहीत होतं, कारण तो मीच तिथे ठेवला होता. बाकी कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. कुणाला काही हवं असलं की तो सरळ फोन उचलून नऊ नंबर फिरवी आणि फिलोमिनाबाईंना विचारी.

फिलोमिनाबाई आमच्या टेलिफोन ऑपरेटर. रोज तारोडी गावाहून बस पकडून यायच्या, अबोलीचा गजरा माळलेल्या. कंपनीत सगळ्यांना, अगदी छोट्या शेठनाही, त्या अरे-तुरे करत. "लिफ्टवाल्याचा नंबर? लिही. आनि आज नको फोन करू, आज तो येनार न्हाय." कोणतं ड्रॉइंग कुणाच्या कपाटात आहे, कोणता फॉर्म बदलला, कोणता डॉक्टर दुपारी झोपतो, सगळं त्यांच्याकडे. इंट्रानेटला त्या 'इंद्रनेट' म्हणत. मला बरेच दिवस वाटलं त्या थट्टा करतात. तसं नव्हतं.

मग छोटे शेठ बाहेरून काहीतरी शिकून आले आणि त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, "अपना इंट्रानेट एकदम मॉडर्न होना चाहिए. स्टाफ को सब कुछ एक क्लिक में मिलना चाहिए." दुसरा एखादा असता तर टेबलाशी बसून कामाला लागला असता. आमचे साडू उठले आणि सगळ्या ऑफिसातून फिरायला लागले.

ज्याच्या त्याच्यापाशी जाऊन ते विचारत, "काल काय शोधलंत? सापडलं का? आधी कुठे बघितलंत?" पहिल्या दिवशी लोकांना कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी लोक त्यांना बघून फोन उचलून कानाला लावू लागले. एकदा संडासाच्या दाराबाहेरून त्यांनी आतल्या अकाउंटंटला विचारलं, "सर्क्युलर तारखेने आठवतं की विषयाने?" आतून उत्तर आलं, "नंतर आठवतो."

मग त्यांनी इंट्रानेटवरच्या प्रत्येक गोष्टीची एकेक चिठ्ठी केली आणि जेवणाच्या सुट्टीत ती कामगारांसमोर पसरली. म्हणाले, "जे एकत्र असावं वाटतं त्याचे ढीग लावा." चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखे बंद. घामाच्या धारा लागलेल्या, लोक कुरकुरताहेत, आणि हे ढिगाभोवती प्रदक्षिणा घालताहेत. एका मशीनवाल्याने रजेचा अर्ज, कंपनीच्या डॉक्टरचा नंबर आणि शिफ्ट बदलायचा फॉर्म असा एक ढीग लावला. मी म्हटलं, अरे, हे तीन वेगळे विभाग आहेत. तो म्हणाला, "साहब, बच्चा बीमार पड़ता है तो ये तीनों एक साथ लगता है." साडू थबकले. त्यांनी त्या तीन चिठ्ठ्या उचलून खिशात ठेवल्या आणि संध्याकाळी घरी जाताना मला दोनदा काढून दाखवल्या. "बघितलंत? विभाग आपल्याला असतात हो. त्याला आजारी पोर असतं."

पण सगळ्यांचं शेवटचं उत्तर एकच यायचं: सापडलं नाही की फिलोमिनाबाईंना विचारतो. तेव्हा साडूंनी जे केलं ते घरी सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना. त्यांनी एक स्टूल नेलं आणि फिलोमिनाबाईंच्या टेलिफोन बोर्डाशेजारी तीन आठवडे बसून काढले. पाय हलायचे, पण माणूस बसून असायचा. येणारा प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, ते वहीत उतरवून घेत. आम्ही ज्याला 'नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट' म्हणायचो, त्याला खाली 'गळक्या झाकणाचा कागद' म्हणतात हे आम्हाला त्या वहीतून कळलं.

त्या वहीवरून त्यांनी नवीन इंट्रानेट बांधलं. शेठचा फोटो गेला, गुलाब गेले. वर एक मोठी रिकामी चौकट आणि तिच्यावर दोनच शब्द: काय शोधताय? तिथे रजा लिहा, सुट्टी लिहा, छुट्टी लिहा, इंग्रजी अक्षरांत वाटेल त्या स्पेलिंगने लिहा, फॉर्म समोर. 'दांडी' लिहिलं तरी फॉर्म समोर. यावर माझ्या साहेबांनी हरकत घेतली, की कंपनी दांडीला मान्यता देते असा अर्थ निघेल. साडू म्हणाले, "साहेब, दांडी मारणारा फॉर्म शोधत नाही. शोधतोय म्हणजे माणूस सरळ आहे."

महिन्याभरात सगळ्यांना सवय लागली. बोर्ड शांत झाला. फिलोमिनाबाई दुपारी लोकरीचं विणकाम करताना दिसू लागल्या. आणि एका सकाळी छोट्या शेठनी मला बोलावून सांगितलं, की आता ऑपरेटरची गरज उरली नाही, तसं पत्र तयार करा. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

पत्र मी टाइप केलं. संध्याकाळी चालताना साडूंना सांगितलं. ते पुढे गेले होते, मागे आले, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, शिव्या देतोय. मी हाताला धरून त्यांना बाजूला घेतलं.

"म्हणजे मी त्यांच्याजवळ बसून त्यांची नोकरी उतरवून घेतली," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"मला माहीत नव्हतं हेच तर. सगळ्यांना विचारत फिरलो. हे कुणाला विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते छोट्या शेठच्या केबिनमध्ये शिरले ते कागदांचा गठ्ठा घेऊन. पत्र द्यायचं म्हणून मीही तिथेच होतो. लोकांनी चौकटीत लिहिलेल्या आणि उत्तर न मिळालेल्या प्रश्नांची ती यादी होती. साडू केबिनमध्ये येरझाऱ्या घालत वाचत होते. "मी नवीन आहे, डबा कुठे खायचा. साहेब आज कसे आहेत. बायको दवाखान्यात आहे, कुणाला सांगू. शेठ, याला कॉम्प्युटरकडे उत्तर नाही. आणि ज्याचं उत्तर आहे, तेही दर आठवड्याला शिळं होतं. डॉक्टर बदलला, फॉर्म बदलला, हे रोज कोण बघणार? ज्यांना हे कळतं त्यांनाच घालवताय?"

"लेकिन उनको कंप्यूटर कहाँ आता है?"

"मी शिकवतो."

शेठ बराच वेळ त्यांच्याकडे, म्हणजे ते जिथे जिथे जात होते तिथे तिथे, बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तीन महिना. फिर देखेंगे." पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं.

पण फिलोमिनाबाई तयार होईनात. "मना न्हाय जमनार. या वयात तुझा तो उंदीर कोन पकडील?" साडूंनी पिच्छा सोडला नाही. रोज दुपारी शिकवणी. हे मागे येरझाऱ्या घालताहेत, बोलताहेत, हातवारे करताहेत, आणि बाई घामाघूम. एक दिवस त्या ओरडल्या, "अरे, उभा रे एका जागी! तू फिरतो, मंग माझा स्क्रीनवरचा बान पन फिरतो!" सगळं ऑफिस हसलं. साडू कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि त्या दिवशी बाईंनी डॉक्टरचा नवा नंबर स्वतः चढवला. स्क्रीनवर आपण लिहिलेलं दिसल्यावर त्यांनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

तीन महिन्यांनी शेठनी काही विचारलं नाही. मी ते पत्र फाडून टाकलं. दोन वर्षं त्या इंट्रानेटवरचं प्रत्येक पान फिलोमिनाबाईंच्या हाताखालून गेलं, आणि अनुत्तरित प्रश्न लिहिणाऱ्यांना त्या स्वतः फोन करायच्या: "डबा काय एकटा खातोस? खाली ये."

त्या निवृत्त झाल्यावर वर्षभरात कंपनीने एक तयार सॉफ्टवेअर पॅकेज आणलं. देखणं होतं. पुन्हा विभाग आले, सदरं आली, रजेचा फॉर्म तीन पायऱ्या आत गेला. एका रविवारी साडू मला म्हणाले, "चला, तारोडीला जाऊन येऊ."

बाईंनी अंगणात खुर्च्या टाकल्या, सरबत दिलं. गप्पा झाल्या. मध्येच साडूंनी विचारलं, "बाई, इतकी वर्षं सगळे तुम्हाला विचारायचे. तुम्हाला काही शोधायचं असलं, तर तुम्ही कुणाला विचारायचात?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सुरवातीला बोर्डावर दोघी होतो. मी आनि सुलभा. एका डब्यात जेवायचो. लगीन झाला नि गेली. कुटं गेली, पत्ता न्हाय. तेवडी एक गावली पायजे होती."

झालं. त्या दिवसापासून साडू सुलभाबाईंना शोधताहेत. माहेरचं आडनावही बाईंना आठवत नाही. नवघरच्या जुन्या घरांतून ते विचारत फिरले, म्हाताऱ्या कामगारांना गाठलं, तीन वेगळ्या सुलभांच्या घरी चहा पिऊन आले. आता त्यांचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे, तरी रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर असतात. "एक धागा मिळालाय," म्हणतात. आणि कधीतरी हळहळतात, "कंपनीचं जुनं हजेरी रजिस्टर मिळायला हवं होतं हो. त्यात गावचे पत्ते असायचे. कुठे गेलं असेल?"

मी चहा टाकायला आत जातो. पॅकेज आलं तेव्हा आता सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणून पर्सोनेलची जुनी रजिस्टरं आम्ही रद्दीत काढली होती. टेम्पो भरून गेला. ती रद्दीत काढायच्या कागदावर सही माझी आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. चहा घेऊन बाहेर येतो, तेव्हा ते गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत फेऱ्या मारत असतात, आणि मी चपला घालून त्यांच्याबरोबर निघतो.