ओसरीतला पिवळा बल्ब

पांढुर्ण्याचे भैय्याजी संत्र्याच्या व्यापारात कधी खोटं बोलले नाहीत. फक्त माल ते दिवसा दाखवत नसत. दिवेलागणीला गिऱ्हाईक घरी बोलवायचं, ओसरीत चहा पाजायचा. तिथल्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बखाली अर्धकच्ची संत्रीसुद्धा केशरी दिसायची.

त्या दिवशी ते बाजारात गेले असताना सून प्रणालीने घरभर एलईडी बल्ब लावले. संध्याकाळी मोहगावचे अनिलभाऊ माल पाहायला आले. भैय्याजींनी बटण दाबलं आणि पांढऱ्या उजेडात अख्खा ढीग हिरवागार दिसला.

"हे काय करून ठेवलं व?" भैय्याजी पुटपुटले.

"बिल कमी येईन, मामाजी," प्रणाली म्हणाली.

अनिलभाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "भैय्याजी, दरसाल तुमची संत्री माह्या घरी नेली का हिरवी दिसे. मले वाटलं डोळे गेले. नागपूरले जाऊन हा चष्मा करून आणला ना मी."

भैय्याजी ढिगाशी बसून पिकलेली संत्री वेगळी काढू लागले.

"जुना बल्ब लावू का, मामाजी?" प्रणालीने हळूच विचारलं.

"आता कायले? अनिलभाऊले दिसून राहिलं सारं."