आत्याचा शब्द

टोंगातल्या लिफुका बेटावर लेसिएलीला बायका डॉक्टर म्हणून चिडवत. होती ती गणिताची शिक्षिका. चिडवायचं निमित्त तिनेच दिलं होतं. चार जणी चटया विणायला बसल्या की कधी ना कधी ती बोलून जायची, "मी सुवाला गेले असते तर आज डॉक्टर असते." मग शेजारची फुसी आपला सुजलेला गुडघा पुढे करायची. "बघा हो डॉक्टरीणबाई, हा कधी ताळ्यावर येणार?"

बोलणं खोटं नव्हतं. अठराव्या वर्षी तिला दोन पत्रं आली होती. एक फिजीहून, सुवाच्या वैद्यकीय कॉलेजचं, सहा वर्षांचं. दुसरं राजधानीतल्या, नुकुअलोफाच्या शिक्षक-विद्यालयाचं. वडील तेव्हा नुकुअलोफाच्याच इस्पितळात होते, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. तिने जवळचं कॉलेज धरलं. वर्ग सुटला की नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घेऊन ती त्यांच्याकडे जायची. ते दोन घास खायचे आणि विचारायचे, "आज काय शिकवलं?" असे तीन आठवडे गेले आणि वडीलही गेले. तोवर सुवाची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली होती.

"तीन आठवड्यांपायी जन्म घालवला," असं लेसिएली पुढे चाळीस वर्षं म्हणत राहिली.

तिचा धाकटा भाऊ सेमिसी मासेमारी करायचा. त्याची थोरली, कलोलाइन, अभ्यासात आत्यावर गेलेली. तिला लहान मुलांची शिक्षिका व्हायचं होतं, आणि सेमिसी त्यावर खूश होता. पण टोंगात बापाच्या शब्दावर आत्याचा शब्द. म्हणून बापलेक विचारायला आले.

"शिक्षिका?" लेसिएली म्हणाली. "पोरांची नाकं पुसायला एवढे मार्क मिळवलेस? तुला सुवाला जागा मिळतेय, बाई."

"मला रक्त बघवत नाही, आत्या."

"सवय होते."

सेमिसी दाराशी बसला होता. बहिणीसमोर मान वर करून तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. "ताईला कळतं," तो मुलीला म्हणाला. "जा तू."

कलोलाइन गेली. दुसऱ्या वर्षी तिची पत्रं थांबली. ती दोनदा नापास झाली, कॉलेजातून नाव कमी झालं, हे कुणा नातेवाइकाकडून कळलं. मग कळलं, ऑकलंडला वृद्धाश्रमात काम करते. नाताळला बापाला फोन करायची, घरी ये म्हटलं की म्हणायची, "कुठल्या तोंडाने येऊ?"

बोट यायच्या दिवशी सेमिसीला धक्क्यावर काहीतरी काम निघायचंच. अशी अकरा वर्षं गेली. बहिणीला तो एका शब्दाने बोलला नाही. लेसिएलीला वाटायचं, त्याने एकदा आपल्याला चार माणसांत वाटेल ते सुनावावं. तो आपला दर शनिवारी तिच्या घरी पहिला मासा पाठवत राहिला.

छप्पन्नाव्या वर्षी तो जाळं ओढता ओढता होडीतच गेला. एकटा होता. दुपारी दुसऱ्या होडीवाल्यांनी त्याला किनाऱ्याला आणलं.

कलोलाइन विमानाने आली. काळे कपडे, कमरेला सुतकाची फाटकी मोठी चटई गुंडाळलेली, गुडघ्यावर सरकत ती आत आली आणि बापाच्या पायाशी बसली. लेसिएली मानाच्या जागी, भावाच्या उशाशी होती. दफन झालं. आता रीतीप्रमाणे बापामागे लेकीचे केस कापायचे होते, आणि ते आत्यानेच कापायचे. कुणीतरी कात्री आणून दिली. कलोलाइनची वेणी कमरेपर्यंत होती. लेसिएलीने ती हातात घेतली आणि तशीच धरून राहिली.

"कापा, आत्या. लोक खोळंबलेत."

"एकदा तरी यायचं होतंस गं."

"तुमच्यासमोर कशी उभी राहणार होते?" तिच्या आवाजात राग नव्हता. "पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. प्रेतं ठेवतात त्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. बाबांना सांगितलं असतं तर त्यांना तुमच्यापासून लपवावं लागलं असतं. ते त्यांना जमलं असतं?"

"माझं चुकलं," लेसिएली म्हणाली. आत्या भाचीला असं म्हणत नाही. बाजूला बसलेल्या भावजयीने, आनाने, मान खाली घातली.

"शिक्षिका होऊन तरी काय झालं असतं, कोण सांगणार? तिथेही जमलं नसतं कदाचित. मला आताचं काम आवडतं, आत्या. म्हातारी माणसं जायला लागली की मी हात धरून बसते. परक्यांचे. बाबांजवळ कोण होतं?"

इस्पितळातली ती खाट, ते दोन घास, 'आज काय शिकवलं' हे सगळं लेसिएलीला आठवलं. ते आपल्याला मिळालं होतं. ज्याच्या नावाने ती चाळीस वर्षं बोटं मोडत होती, तेच तिने या पोरीला मिळू दिलं नव्हतं. तिने कात्री चालवली. वेणी जाड होती, तीन वेळा दाबावी लागली.

कलोलाइन नऊ दिवस राहिली आणि कामावर परत गेली. आता ती महिन्या दोन महिन्यांनी आत्यालाही फोन करते. काय जेवलीस, थंडी आहे का, एवढंच बोलणं होतं.

पुढच्या वर्षी कलोलाइनची धाकटी बहीण मेलिआमे दोन कॉलेजांचे अर्ज घेऊन आली. "यातलं कुठलं भरू, आत्या?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय? तुम्ही सांगा ना."

"मी नाही सांगणार," लेसिएली म्हणाली, आणि तिच्यापुढे खाण्याची ताटली सरकवली.

मेलिआमे न खाताच उठली. तिने वरचा अर्ज भरला. आईला म्हणाली, आत्याचं आपल्यावरचं मन उडालं. आनाकडून ते लेसिएलीच्या कानावर आलं. तिने खुलासा केला नाही.