शेजारी यंदा काय पेरतोय?

रमाकांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात त्याच्याच खुर्चीवर बसून त्याचंच काम करत होते. त्याची बायको, सुनंदावहिनी, एवढंच म्हणाल्या, "सुटले गं..." महिना होऊन गेला, पण त्या शब्दाचा राग अजून येतो. त्याला कुठे सुटायचं होतं?

आमचं काम सांगितलं की लोक हसतात. शेतकरी यंदा किती रान कापसाला देतील, किती सोयाबीनला, किती मक्याला, याचा अंदाज आम्ही पेरणीआधी बांधतो आणि तेलगिरण्यांना, बियाणं कंपन्यांना विकतो. तेही एसीत बसून. रमाकांत मूळचा देवगडचा. हापूस खाण्यापलीकडे त्याचा शेतीशी संबंध नव्हता. पण मराठवाड्यातल्या गावोगावच्या शेतकऱ्यांशी त्याची फोनवर दोस्ती होती. आणि "काय पेरणार?" असं तो कुणालाच विचारायचा नाही. पोरीचं लग्न, बैलाचं दुखणं, सगळं बोलून झालं की हळूच म्हणायचा, "काय हो, शेजारी यंदा काय पेरतोय?"

"चोंबडेपणाचा पगार घेतोस रे तू!" मी चिडवायचे.

"स्वतःचं विचारलं ना, की माणूस स्वप्न सांगतो," तो म्हणायचा. "शेजाऱ्याचं विचारलं की पाहिलेलं सांगतो."

मग घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये आवाज गेला. ज्याचं सगळं आयुष्य बोलण्यावर, त्याचाच आवाज जावा... देवाला काय म्हणायचं! तरी गडी थांबला नाही. मुलुंडच्या घरी वहिनी फोन लावून द्यायच्या. "यांना बोलता येत नाही, पण ऐकू येतं. तुम्ही बोला," एवढं सांगून फोन त्याच्या हातात. त्याचा प्रश्न सगळ्यांना पाठच होता. शेतकरी आपणहून शेजाऱ्यापासून सुरुवात करायचे आणि हा डोळे मिटून ऐकत बसायचा.

मे महिन्यात त्याने मला मेसेज केला, 'सोयाबीन घटणार, मका वाढणार.' बॉसला ते पटलं नाही. सोयाबीन वाढणार असा अंदाज बाहेर गेला. त्यानंतर रमाकांतचा रोज एकच मेसेज, 'पेऱ्याचे सरकारी आकडे आले का?' आपण अजून कामाचे आहोत की नाही, हे त्याला त्या आकड्यांवरून कळायचं होतं. मी रोज लिहायचे, 'अजून नाही रे.'

आकडे आले तेव्हा तो नव्हता. मका वाढला होता. आनंद सांगायला माणूस नसला की तो नुसता छळतो. शेवटी परवा वहिनींनाच सांगायला मुलुंडला गेले. त्या ऐकत होत्या, तोच टीव्हीजवळ ठेवलेला रमाकांतचा फोन वाजला. वहिनींनी उचलला. एक शब्द बोलल्या नाहीत. पलीकडच्या शेतकऱ्याचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता.

"भाऊ, मी बोलतोय. मका लई जोरात आलाय बघा. शेजाऱ्याचा तर माझ्याहून उंच... तब्येतीला जपा, भाऊ."

पलीकडून फोन ठेवला गेला. वहिनी मात्र कितीतरी वेळ तो तसाच कानाला धरून उभ्या होत्या.