पुतळाबाईंचं पांघरलेलं वेड

गावाचं नाव मी सांगणार नाही. कशेळीच्या पुढे, खाडीला लागून, एवढं पुरे. खरं तर एवढंसुद्धा जास्तच झालं, पण आता बोलून काय उपयोग!

मी सुचेता. भिवंडीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, म्हणजे परीक्षेपुरती कलमं पाठ करून घेते. ही गोष्ट माझी नाही, त्या गावच्या सरपंच पुतळाबाईंची आहे. पण मी मध्ये तडमडले, म्हणून मलाच सांगावी लागतेय.

पुतळाबाई पन्नाशीच्या, आगरी, विधवा, चौथी पास. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन भिवंडीच्या निजामपुऱ्यात कोलंबी विकली. दोन हजार पाचच्या शेवटी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा त्यांच्या दिरानं त्यांचा अर्ज भरला. या दिराला सगळं गाव भाऊ म्हणतं. जमिनींचे व्यवहार, पांढरे कपडे, दारात दोन गाड्या. भाऊंना सरपंच नको होता, मुकाट सही करणारा एक हात हवा होता.

सही कशावर? गावचा जुना बांध फोडून त्याजवळची खाजण जमीन, म्हणजे भरतीचं खारं पाणी मुरवणारी दलदल, भरावानं बुजवून तिथं गोदामं उठवायची होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागत होता. बांध गेला की उधाणाचं पाणी थेट खालच्या पाड्यात. त्याच वर्षीच्या जुलैत, महापुरात, त्या पाड्यात पुरुषभर पाणी चढलं होतं आणि पुतळाबाईंची जिवाभावाची मैत्रीण पार्वती त्यात गेली होती.

पुतळाबाईंनी भाऊंना कधी नाही म्हटलं नाही. हो म्हणायच्या आणि सही तेवढी व्हायची नाही! कधी चष्मा फुटला. कधी शिक्का लेकीकडे वसईला राहिला. कधी पितृपक्ष, कधी उपास. कागद वाचून दाखवला की डोळे मोठे करून अडाणी बनायच्या आणि म्हणायच्या, "मना काय कलतंय गो, मी आरानी बाई. परत वाचा." ग्रामसेवक परत वाचायचा. तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत लोक जेवायला उठायचे. गाव हसायचं, भाऊ कपाळावर हात मारायचे, आणि असं करत करत बाईनं सव्वा वर्ष काढलं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ना, ते हे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा अभ्यास चालला होता. भारत, बांगलादेश आणि युगांडा, या तीन देशांत राखीव जागेवर आलेल्या बायका गावचा कारभार खरंच चालवतात का, हे ताडून बघायचं होतं. ठाणे जिल्ह्यातल्या मुलाखती माझ्याकडे आल्या. चाळीस प्रश्नांचा फॉर्म. 'निर्णय कोण घेतं?' या प्रश्नाला पुतळाबाई म्हणाल्या, "लिव, दीर." तसंच लिहून मी घरी आले असते तर किती बरं झालं असतं!

पण माझी हौस दांडगी. ही बाई काहीतरी लपवतेय, असा मला वास लागला. मी चार वेळा गेले, ओट्यावर बसून त्यांच्याबरोबर कोलंबी सोलली, पार्वतीबद्दल विचारलं. पाचव्या खेपेला त्यांनी भर दुपारी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. सांगताना हसत होत्या. इतक्या दिवसांत कुणाला सांगता आलं नव्हतं, त्याचं ते हसू होतं.

मग एकदम थांबून म्हणाल्या, "ह्यो कागद कुठं जाईल गो?"

"साता समुद्रापलीकडे," मी म्हटलं. "आणि तुमचं नाव नसेल."

तिकडचे प्रोफेसर खूश झाले. तिन्ही देशांत असं उदाहरण नाही, म्हणाले. आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आठ मार्चच्या महिला दिनाच्या पुरवणीसाठी एका पेपरानं लेख मागितला, तर मी हीच गोष्ट लिहिली. पुतळाबाईंची 'कमळाबाई' केली. छापायला देण्याआधी माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, वाचलं आणि म्हणाला, "नाव बदललंस, पण खाडीकाठी मासळी विकणाऱ्या विधवा सरपंच आहेत तरी किती?" मी खेकसले त्याच्यावर. तुला संशोधनातलं काय कळतं, म्हटलं.

एकच होती.

अकरा तारखेला भाऊ कॉलेजात आले. हातात पेढ्यांचा पुडा. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला नमस्कार केला.

"मॅडम, झकास लिवलंय तुमी. आमची वयनी एवढी हुशार हाय, आमाला म्हाईतच न्हवतं."

मी पेढा हातातच धरून ठेवला. भाऊ आवाज न चढवता बोलत होते, म्हणून जास्त भीती वाटली.

"आपलेच दात, आपलेच ओठ," जाताना म्हणाले. "घरातलं हाय, घरात बघू."

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. मी धावत गेले. गच्च भरली होती. एरवी जे पुरुष फिरकत नाहीत ते पहिल्या रांगेत बसले होते. ग्रामसेवकानं ना हरकतीचा ठराव वाचला. पुतळाबाईंनी सवयीनं डोळे मोठे केले, "मना काय कलतंय…"

सगळी सभा हसली. आधीही हसायची, पण आज त्यांच्या हसण्यात माया नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "सोंग पुरे, कमळाबाई!"

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती मी पेपरात उघडून दाखवली होती.

 पुतळाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला. "कलतंय," म्हणाल्या. "सगला कलतंय मना. बांध फोरला तर खालचा पारा पान्यात बुरंल. मी सई करनार न्हाय."

भाऊ नुसतं "बरं" म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागे सभा उठली. ज्या बायका रोज पुतळाबाईंबरोबर पाण्याला जायच्या, त्याही वळसा घालून गेल्या.

मी त्यांच्या घरापर्यंत गेले. आत सून पिशव्या भरत होती. पुतळाबाईंनी तिला मुलांना घेऊन नारपोलीला माहेरी जायला सांगितलं होतं, आजच्या आज.

"तुम्हीही चला," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. "माझ्या घरी चला. चुकलं माझं."

"मी गेलं तर सई कोन थांबवंल?" म्हणाल्या. मग माझा हात धरला. "तुझा राग न्हाय गो मना. पन आता येऊ नको. तू आलीस का त्यांना वाटंल, अजून कायतरी सांगतंय."

मी गेले नाही. पुतळाबाईंसाठी गेले नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मी घाबरले होते. मे महिन्यात पेपरात चार ओळी आल्या: ना हरकत दाखला मंजूर, सही प्रभारी सरपंचाची. पुतळाबाई असताना प्रभारी का, ते लिहिलं नव्हतं. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. 

त्या हिवाळ्यात अभ्यासाची परिषद ढाक्याला भरली. मी पुतळाबाईंवरचा निबंध वाचला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून तिथल्याच एका गावच्या कारभारातली, राखीव जागेवरची सदस्य उठली. साधी सुती साडी, पायात रबरी चपला. तिचं बोलणं दुभाष्यानं मला सांगितलं.

"हे छापलंत, तेव्हा ती बाई त्याच गावात राहत होती?"

मी हो म्हणाले.

 तिनं पिशवी उचलली आणि ती दाराबाहेर गेली.