नावामागची रेघ

आमच्या कंपनीत एक प्रोग्राम आहे. हिंगण्याच्या कारखान्यांतल्या भट्ट्यांमध्ये कुठे किती ताप आहे आणि आतल्या विटा अजून किती दिवस टिकतील, ते तो सांगतो. त्याचं सगळं गणित फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत आहे, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचं. बटणं आणि रंगीत आलेख सी या नंतरच्या भाषेत आहेत, म्हणजे आमचे. गिऱ्हाइकाला दाखवायला आमचा भाग आणि उत्तर बरोबर यायला जुना, अशी समजूतदार वाटणी होती.

भानगड झाली ती नावांवरून. सीमधून फोर्ट्रानचं रूटीन, म्हणजे एका कामापुरता कोडचा तुकडा, बोलवायचं, तर कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, त्याचं नाव काय लिहून ठेवलंय ते अक्षरन् अक्षर माहीत पाहिजे. आणि यात प्रत्येक कंपायलर आपल्या मर्जीचा मालक. तुम्ही bhttap लिहा, ऑफिसातला कंपायलर मागे एक रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, लावून bhttap_ करतो. दुसरा सगळं मोठ्या अक्षरांत BHTTAP करतो आणि रेघ लावत नाही. माझ्या जागी आधी जो होता, त्याने सगळीकडे हाताने एकेक रेघ लिहिली आणि तो बंगळुरूला निघून गेला. त्याच्या निरोपसमारंभात ‘कोड अगदी स्वच्छ’ म्हणून टाळ्या वाजल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

मग आमच्या मॅनेजरांनी नवा लॅपटॉप घेतला. ते पुण्याहून आले होते आणि ते पुण्याहून आले आहेत हे आम्हाला रोज कळावं याची काळजी घेत. त्या लॅपटॉपवर कंपायलर दुसरा होता; तिथे सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बांधायला घेतला, तर पडद्यावर बेचाळीस ओळी उतरल्या: अमुक नाव सापडत नाही, तमुक नाव सापडत नाही.

मॅनेजरांनी लगेच मीटिंग बोलावली. “आपल्याकडे नेमिंग कन्व्हेन्शनच नाही,” ते म्हणाले.

“सर, ही नावं आपण ठेवत नाही. कंपायलर ठेवतो.”

“मग त्याला आपली पॉलिसी लागू करा.”

मी हसले. बाकी कोणी हसलं नाही, तेव्हा कळलं की हा विनोद नव्हता. कंपायलरला पॉलिसी लागू करण्याचं काम कार्यवृत्तात माझ्या नावापुढे लिहिलं गेलं. ते अजून तिथेच असेल.

मी आपला साधा मार्ग धरला. प्रोग्राम बांधणाऱ्या यंत्रणेलाच सांगितलं, बाई, आधी एक चिमुकलं रूटीन कंपाइल कर, तयार झालेल्या फाइलमध्ये डोकावून त्याचं नाव कसं लिहिलंय ते बघ, आणि सीच्या बाजूला सगळी नावं तशीच कर. दोन दिवस लागले. ऑफिसात चाललं, लॅपटॉपवर चाललं. मला स्वतःचं भयंकर कौतुक वाटलं. मी ते घरी जेवताना नवऱ्याला पूर्ण समजावून सांगितलं. त्याने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

तिसरं मशीन गिऱ्हाइकाच्या कारखान्यात होतं, इतकं जुनं की त्याला कोणी हात लावायचा नाही असा तिथला अलिखित कायदा. तिथे बांधलं, तर एक्केचाळीस नावं सापडली आणि एक सापडेना: chimni_tap. चिमणीच्या तापाचं रूटीन. दुपारपर्यंत मी त्या एका नावाकडे बघत बसले. ऑपरेटरने चहा आणून दिला आणि “मॅडम, एकच तं आहे, सोडून द्या ना,” असा सल्लाही दिला. चिमणी सोडून भट्टी कशी चालते, हे त्याला विचारायचं राहून गेलं.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एका साहेबांचं नाव होतं. निवृत्त होऊन ते महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहत होते. शनिवारी स्कूटर काढली, गल्ल्यांमध्ये दोनदा चुकले आणि पोचले. साहेबांनी छापील कोड हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“कसंय, मी डायरेक्शन द्यायचो,” ते म्हणाले. “टाइप ती बाई करायची.”

“कोण बाई?”

“होती एक आमच्या सेक्शनमध्ये. आता काही लक्षात नाही.” मग त्यांनी डायरी उघडली आणि लक्षात नसलेल्या बाईंचा फोन नंबर आणि शहरातल्याच इंदोरा वस्तीतला पत्ता अर्ध्या मिनिटात काढून दिला.

बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. वरांड्यात वर्तमानपत्रावर भिवापुरी मिरचीचा ढीग मांडून देठं खुडत बसल्या होत्या. मी सांगितलं, साहेब म्हणाले की टाइप तुम्ही करायच्या.

“टाइप?” त्यांचे हात थांबले. “मंग गनित कोन करत होतं वं? टाइपरायटर?”

 मी कागद पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा मागवला आणि वाचायला लागल्या. पहिल्या पानावर त्यांचा चेहरा जुनी शेजारीण भेटावी तसा झाला.

“हे माहं. हेबी माहं. हे पाय, सहा अक्षरं. त्या टायमाले सहाच्या वर नाव चालत नव्हतं. म्हनून सगळी नावं सहाची.” मग chimni_tap आलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. “हे माहं नाही. साहेब ट्रेनिंगले गेले होते दिल्लीले. नवा कंपायलर आला होता, त्यात लांब नाव चाले. तिकून आले तं म्हने, नाव वाचता आलं पायजे. हे एकच रूटीन त्याईनं सोता लिवलं.”

“तेच सापडत नाही आहे, मॅडम.”

“काहून? कोनता कंपायलर हाय?”

मी सांगितलं. त्यांनी एक मिरची उचलली, देठ खुडलं आणि म्हणाल्या, “तो नावाच्या मांगं एक रेघ लावते. पन नावाच्या आतमंदी आधीच रेघ असली, का मांगं दोन लावते. तू दोन पायल्या का?”

पाहिल्या नव्हत्या. मी नमुना म्हणून एकच नाव तपासलं होतं, आणि ते बिनरेघेचं होतं.

“हे मला कुठे कळलं असतं?”

“मले इचारलं असतं तं,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्या ओसरीवर बसून फार ओशाळल्यासारखं झालं.

सोमवारी मी यंत्रणेत दोन नमुना नावं घातली, एक साधं आणि एक मधे रेघ असलेलं, आणि दोन्ही वेगवेगळी तपासली. तिन्ही मशीनवर बेचाळीसच्या बेचाळीस नावं सापडली. मॅनेजरांनी वरिष्ठांना स्लाइड दाखवली: “आपण ऑटोमॅटिक नेमिंग डिटेक्शन फ्रेमवर्क विकसित केलं.” ‘आपण’ या शब्दात केवढी माणसं मावतात!

मी एक्केचाळीस फाइलींच्या डोक्यावर बाईंचं नाव लिहिलं. या बदलाला तीन आठवडे मंजुरी मिळेना. ‘लेखक बदलण्याची प्रक्रिया परिभाषित नाही’ असा शेरा आला. शेवटी मी तो बदल ‘शुद्धलेखन दुरुस्ती’ या नावाखाली पाठवला. त्याच दुपारी मंजूर.

बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या चिमनीवर नको टाकू हं माहं नाव.”

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. प्रोग्राम चालवला, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. “झालं?” त्यांनी विचारलं. “आमी चालू करून कंपनीच्या बसनं घरी यावं, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं.” रंगीत आलेखाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आकड्यांचा तक्ता मागितला, बोट फिरवत खाली गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

“ह्या विटेच्या झिजेचा आकडा आजूनबी चुकीचा हाय. मी तवाच सांगतलं होतं. जरा जास्त पायजे. विटा लवकर झिजतात, हे दाखवते त्याच्याहून.”

मी त्यांच्यासमोर बसूनच ती नोंद त्यांच्या नावाने करून मॅनेजरांना पाठवली, त्यांनी सांगितलेला आकडा आणि कारण दोन्ही लिहून. मंगळवारी मॅनेजरांचं उत्तर आलं: हे आत्ता स्कोपमध्ये नाही, पण सूचना चांगली आहे, सूचना करणाऱ्या ज्युनिअरचं अभिनंदन कळवा.

मी कळवलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मागून त्यांच्या सुनेचा आवाज आला, काय झालं म्हणून.