न कळल्याचं सोंग

जहाजावर मी सात वर्षं लोकांच्या गाद्या झटकल्या, संडास घासले, आणि घरी सांगितलं की मी जहाजाच्या ऑफिसात कामाला आहे.

हे खोटं एकदम बोललो नाही. आमचे बाबा नागपूरला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. सावनेरकडची दोन एकर कोरडवाहू भावाच्या हवाली करून ते शहरात आले आणि तीस वर्षं साहेबांच्या टेबलावर पाण्याचे गिलास ठेवत राहिले. मी मॅट्रिक झालो तेव्हा ते मला म्हणाले होते, "माझ्या हातात दुसऱ्याचा गिलास राहिला. तुह्या हातात नाही राहिला पाहिजे." पुढे कॉलेज अर्ध्यावर सुटलं आणि मी सीताबर्डीच्या एका हॉटेलात वेटर झालो. तिथे एक गोव्याचा आचारी होता, त्याचा भाऊ बोटीवर होता. त्याच्या ओळखीनं मुंबईला जाऊन मी एका परदेशी कंपनीच्या प्रवासी जहाजावर लागलो. ऐंशी साल नुकतंच लागलेलं. बाबांनी विचारलं, "काम काय हाय?" मी म्हणालो, "ऑफिसात." त्यांचा चेहरा असा उजळला, की नंतर ते वाक्य मागे घेण्याची हिंमत झाली नाही. पहिल्याच वर्षी एका अधिकाऱ्याची टोपी आणि सोनेरी पट्ट्यांचा कोट घटकाभर मागून घेतला, फोटो काढला आणि घरी पाठवला. बाबांनी तो फ्रेम करून सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत समोरच्या भिंतीवर लावला.

खरं काम असं होतं. माझ्याकडे खालच्या मजल्यावरच्या सोळा केबिन. सकाळी प्रवासी नाश्त्याला गेले की एकेक दार उघडायचं, चादरी बदलायच्या, आरसा पुसायचा, गालिच्यावरून मशीन फिरवायचं. कमोडच्या मागची फरशी गुडघ्यावर बसून घासावी लागे, कारण तपासायला येणारा साहेब नेमका तिथेच बोट फिरवून बघायचा. फरशी धुण्याच्या औषधानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. आमची खोली पाण्याच्या पातळीखाली. चौघांत एक, माझ्यासोबत तिघे लंकेचे. प्रवाशांच्या जिन्यानं जायला आम्हाला मनाई होती. सुट्टीवर गेलो की गल्लीतले लोक विचारायचे, "समुद्र कसा असते गा?" मी मोठमोठ्या लाटांचं वर्णन करायचो. प्रत्यक्षात आठ-आठ दिवस समुद्र माझ्या दृष्टीस पडत नसे. इंजिनाची घरघर आणि लांबच लांब बोळ, एवढंच माझं जहाज.

तिसऱ्या वर्षी, इटली-ग्रीसच्या किनाऱ्यानं दोन आठवड्यांची सफर होती. पहिल्या दिवशी माझ्या बोळातल्या शेवटच्या केबिनमध्ये सामान पोचवायला गेलो, तर आत नऊवारी लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई पलंगाच्या कडेला बसलेली. कपाळावर गोंदण, पायात मुलाचे असावेत असे लोकरी मोजे. शेजारी तिचा मुलगा उभा होता. विलायतेत डॉक्टर होता तो. त्याला, त्याच्या इंग्रज बायकोला आणि मुलींना वरच्या मजल्यावर केबिन मिळाली होती. आईची खोली ऐन वेळी ठरल्यामुळे खाली आली होती.

तो आईला म्हणाला, "आई, काही लागलं तं ही बेल दाब. हा माणूस येईल."

बाई म्हणाली, "येईन, पन त्याले सांगू कसं मी? समजन का त्याले?"

ती बोली मी लगेच ओळखली. ही काटोल-सावनेरकडची बोली. तीन वर्षांत जहाजावर कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी दिसला तो भिंतीवरचा फोटो. ही बाई उद्या नागपूरला जाईल, सांगेल, की अमक्याचा पोरगा माझा संडास घासत होता.

डॉक्टरनं मला इंग्रजीत विचारलं, "भारतातले का तुम्ही?"

मी म्हणालो, "नो सर. श्रीलंका."

हिंदी? तेही नाही. फक्त इंग्रजी.

तो आईकडे वळून म्हणाला, "हा लंकेचा आहे. याला आपलं समजत नाही."

बाई तोंडाला पदर लावून हसली. "लंकेचा? मंजे रावनाच्या गावचा म्हन!"

मीही हसू दाबलं, आणि मी ते दाबू शकलो याचं मला समाधान वाटलं. आज ते समाधान आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती मला 'लंकेच्या' म्हणू लागली. मी चादरी बदलत असायचो आणि ती बोलत असायची. मला कळत नाही हे धरूनच ती बोलायची, जसं आपण गाई-म्हशींशी बोलतो. "लंकेच्या, तुही माय हाय का रे जित्ती? तिले सांगून आला का तू?" मी उशी बडवायचो. "हे घर हालते, पोटात ढवळते माह्या. सून चांगली हाय, पन तिले माह्याशी बोलता नाही येत. नाती गोड हायेत. त्याईलेही नाही येत." त्याच बोलण्यातून कळलं, की नागपुरात ती हनुमाननगरात राहते. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. आणखी चार महिन्यांनी ती परत जाणार होती.

बंदर आलं की मुलगा कुटुंबासह शहर बघायला जायचा. हिच्या गुडघ्यांना चढउतार झेपत नसे, म्हणून ती खोलीतच. जेवणाचेही हाल. मांसाच्या वासानं ती वरच्या जेवणघरात बसत नसे. पाव, उकडलेला बटाटा, केळी यांवर दिवस काढत होती. एकदा बेल वाजली म्हणून गेलो, तर तिनं घास घेतल्यासारखा हात तोंडाकडे नेला आणि म्हणाली, "वरन, बाबू. वरन-भात. जरासा. गरम." मला प्रत्येक अक्षर कळत होतं. आमच्या खालच्या मेसमध्ये एका मोठ्या पातेल्यात रोज डाळ-भात शिजत होता. मी मान हलवून "सॉरी, मॅडम," म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ दे. तुही काय चूक."

आठव्या दिवशी समुद्र खवळला. डॉक्टर सकाळी आईला गोळी देऊन वर गेला होता, कारण त्याच्या मुली उलट्या करत होत्या. मी अकराच्या सुमारास दार ठोठावलं. उत्तर नाही. किल्लीनं उघडलं.

बाई न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. पोट बिघडलं होतं, पलंगावरच झालं होतं, आणि ती चादर ओढत आत नेऊन बेसिनच्या गिलासानं पाणी ओतून ओतून धूत होती. लुगडं भिजलेलं. दार उघडल्याबरोबर ती उठायला गेली, जहाजानं हेलकावा घेतला आणि ती बेसिनच्या कडेवर आपटली.

"अवं माय!" माझ्या तोंडून निघालं. "लागलं का वं?"

मी तिला धरलं होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नळ वाहत होता. मग मी म्हणालो, "सॉरी, मॅडम. प्लीज सिट."

मी तिला खुर्चीवर बसवलं, चादर गुंडाळून नेली, गादी उलटी केली, फरशी धुतली. कोरडं लुगडं तिच्या हातात दिलं आणि बाहेर थांबलो. दुपारी मेसमधून वाटीभर डाळ-भात आणून तिच्यापुढे ठेवला. तो तिनं हातानं सगळा खाल्ला, बोटं पुसली, आणि हात जोडले. मला. वयानं माझ्या आजीएवढ्या बाईनं.

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नाही. पाणी हवं असलं तर गिलासाकडे बोट दाखवायची. पांघरूण हवं असलं तर हात चोळायची. 'लंकेच्या' म्हणणं बंद झालं. आधी मला वाटलं, रागावली. पण चेहऱ्यावर राग नव्हता. मी तिच्यापासून काहीतरी लपवतो आहे हे तिला समजलं होतं, आणि मला लपवता यावं म्हणून ती मदत करत होती. माझ्या सोयीसाठी ती मुकी झाली होती. ज्या एका माणसापुढे तिला आपल्या भाषेत बडबडता येत होतं, त्याच्यापुढेही. राहिलेले पाच दिवस मी रोज ठरवायचो, आज बोलू. चादरी बदलायचो आणि निघून यायचो. डाळ-भातही पुन्हा नेला नाही. मेसच्या मुकादमानं हटकलं होतं, हे एक निमित्त मिळालं. उतरताना मुलानं माझा हात हातात घेऊन आभार मानले. ती मागे उभी होती. तिनं फक्त मान हलवली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सुट्टीवर नागपूरला आलो. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "देवळात एक बाई भेटली मले. विलायतेले जाऊन आली. जहाजात बसली होती म्हने. मी म्हनलं, माहा पोरगाही जहाजाच्या ऑफिसात हाय. मी तू धाडलेलं जहाजाचं चित्र नेऊन दाखोलं तिले, तं तेच जहाज! चाल, जाऊन येऊ. तुले पाह्यलं असन तिनं."

मी ऊन फार आहे म्हणालो. पोट दुखतं म्हणालो. आई ऐकेना. तिला जहाजावर मला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस पहिल्यांदाच सापडलं होतं. संध्याकाळी ती नवं लुगडं नेसली आणि आम्ही हनुमाननगरला चालत गेलो.

बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं, हे मला तिच्या थांबलेल्या बोटांवरून कळलं. आईनं पाया पडायला लावलं. मी पडलो.

"हा माहा पोरगा," आई म्हणाली. "तुमाले दिसला होता का वं, ताई, जहाजावर?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"दिसला नं!" बाई म्हणाली. "पांढऱ्याफेक कपड्यात. समदे त्याचं आयकत. साहेब हाय तो तिथं."

आई हसली. तिचा आवाज ओला झाला होता. "आमाले तं काई सांगतच नाही तो."

"अवं, लई सेवा केली त्यानं माही," बाई पुढे म्हणाली. "रोज वरन-भात आनून द्यायचा. बाजूले बसून आपल्या बोलीत बोलायचा माह्याशी. त्याच्यानंच तं दिवस निघाले माहे, नाही तं मरून गेली असती मी तिथं."

साहेब म्हणाली तोवर मी गप्प बसू शकलो. पण हे ऐकवेना. आपल्या बोलीत बोलायचा.

मी म्हणालो, "आई, हे खोटं आहे."

आई माझ्याकडे बघू लागली.

"मी साहेब नाही. मी यांची खोली झाडत होतो, संडास धूत होतो. आणि मी यांच्याशी बोललो नाही. मराठी येत नाही म्हणून सांगितलं. त्या बिमार होत्या, तरी बोललो नाही."

बाई पटकन म्हणाली, "जाऊ दे नं, बाबू. काहून सांगून राहिला?"

आईनं तांदळाच्या सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. तिनं स्वतः आयुष्यभर चार घरची भांडी घासली होती. मग ती म्हणाली, "खोली झाडत होता, त्याचं काय एवढं. पन बोलला काहून नाही रे? म्हातारी बाई. तिथं तिचं कोन होतं?"

फोटो, बाबा, लोक काय म्हणतील, ही सगळी कारणं माझ्याजवळ होती. त्या ओट्यावर त्यातलं एकही तोंडातून बाहेर काढण्यासारखं वाटलं नाही. बाईनं चहा केला. आम्ही प्यालो. निघताना आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली, माझ्या वतीनं. ती मीच मागायला हवी होती.

घरी आल्यावर आईनं बाबांना सांगितलं, "हो, पाह्यलं होतं तिनं याले. लई चांगलं बोलली." ती कधी खोटं बोलत नसे. बाबा गेले तोपर्यंत तिनं ते तसंच सांभाळलं.

आई आणि ती बाई पुढे घट्ट मैत्रिणी झाल्या. एकादशीला देवळात बरोबर जायच्या, लोणच्याच्या फोडी बरोबर करायच्या. आई शेजारच्या मुलीकडून पत्र लिहून घ्यायची, त्यात दर वेळी एक ओळ असे: ताई बऱ्या आहेत, तुझी विचारपूस करतात. त्यानंतर मी तीन वेळा सुट्टीवर आलो. दर वेळी आई म्हणायची, जाऊन ये. दर वेळी मी उद्या म्हणालो. वीस मिनिटांची वाट. शेवटच्या पत्रात ताई गेल्याचं कळवलं होतं. ते मला जहाजावर मिळालं, तेव्हा मी कोणाची तरी खोली आवरत होतो. पत्र खिशात ठेवलं आणि उरलेल्या केबिन आटोपल्या, कारण तपासणीची वेळ झाली होती.