‘हरकत’च्या आधीचा ‘ना’

तात्या गेल्याचा फोन दादानंच केला. मी इंदापूरच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते. “तायडे, तात्या गेलं गं...” मग म्हणाला, “बंदूक तुझ्याकडंच हाय न्हवं?” माझा संताप झाला. बाप गेलाय आणि याला बंदूक सुचते! गावी, कन्हेरीला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

बंदूक आजोबांपासूनची, एका नळीची. मक्यात रानडुकरं शिरायची म्हणून घेतलेली. तात्यांनी ती पाच-सहा वेळा झाडली असेल, तीही आभाळाकडं. पण तिचे कागद मात्र जिवापाड जपले. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला पहिला नंबर त्यांचाच, इस्त्रीची टोपी घालून. पावती खिशात ठेवत म्हणायचे, “आता डुकरांनीबी आचारसंहिता पाळावी.”

वयाची सत्तरी ओलांडली की आपल्या हयातीतच बंदूक वारसाच्या नावावर करता येते, हे त्यांना कळलं आणि ते कामालाच लागले. वारस म्हणजे दादा, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. शेती तोच बघतो. तात्यांनी नाव घेतलं माझं. मला हसूच आलं. म्हटलं, “तात्या, माझ्या फ्लॅटवर कुठली डुकरं यायची?”

“न्हाय येत, म्हणून तर तुझ्याकडं ठेवायची.”

अर्जाला दुसऱ्या वारसाची ना हरकत लागते. दादा ताडकन म्हणाला, “माझी हरकत हाय.” तात्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याच पिशवीतल्या वहीचं पान फाडून त्याच्यापुढं ठेवलं. “मग तसं लिही. आन् कारणबी लिही.” दादानं रागारागात लिहिलं, ‘माझी हरकत आहे, कारण’... आणि पेन तिथंच थांबलं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. तात्या समोरून हलले नाहीत. शेवटी दादानं ‘कारण’ खोडलं, ‘माझी’ आणि ‘हरकत’च्या मधल्या फटीत बारीक अक्षरात ‘ना’ घुसवला, सही ठोकली आणि उठून गेला.

कचेरीतल्या साहेबांनी तो कागद बघून मान हलवली. खाडाखोड चालायची नाही, स्टँपपेपरवर टाइप करून आणा, म्हणाले. तसं आणलं. दादानं पुन्हा सही केली, पण दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. मीही हट्टी बापाचीच लेक. बंदूक चालवायचं प्रशिक्षण घेतलं, डॉक्टरांचा दाखला काढला, पोलिसांच्या प्रश्नांना न अडखळता उत्तरं दिली. परवाना हातात आला त्या दिवशी तात्या टोपी सारखी करत म्हणाले, “आता मी मोकळा झालो.” मला वाटलं, कागदपत्रांतून मोकळे झाले.

दहावा झाला, पाहुणे पांगले. दादा आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. बंदुकीची खुंटी भिंतीवर रिकामीच होती. तिच्याकडं बघत दादा म्हणाला, “बांधावरनं शेजाऱ्याशी वाजलं व्हतं बघ, चार सालामागं. त्या दिवशी मी ती काढली व्हती. हातात घिऊन वळलो, तर तात्या दारात हुबं. बोललं न्हाईत... आन् बाजूलाबी झालं न्हाईत. तुला सांगितलं व्हतं त्यांनी?”

“नाही रे. कधीच नाही.”

“कुणालाच न्हाय. आईलाबी न्हाय.” त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. “तवा कारण काय लिहिणार व्हतो मी? आन् फोनवर बंदुकीचं इचारलं, त्येबी त्याचपायी. म्हटलं, आता दारात कोन हुबं ऱ्हानार...”

मी त्याचा हात धरला. एवढा दांडगा माझा भाऊ, हमसून हमसून रडला. मीही रडले.

इंदापूरला परतल्यावर कपाटाचं कुलूप काढलं. बंदुकीच्या खोळीला आतून एक कप्पा आहे. तात्यांनी दिल्यापासून तो मी कधी उघडलाच नव्हता. त्यात माझ्या वहीचं ते पान होतं, चार घड्या घातलेलं. मधल्या फटीत दादाचा तो बारका ‘ना’.

दसऱ्याला बंदूक कन्हेरीला न्यायची, पूजा दादानं करायची आणि आरती झाली की त्यानंच ती माझ्या हातात द्यायची, इंदापूरला परत न्यायला. हे त्यानंच ठरवलंय. माझी ना हरकत आहे.